चहातली पुडी

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही भिंतीवरची जाहिरात तुम्हीही वाचली असेल. माझ्या मेव्हण्याने ती मनावर घेतली. पुडी त्याने आणली, चहात घातली आईने. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे बसलो आणि पहिल्या पेगलाच चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या थांबेनात. रक्तदाब इतका उतरला की ती रात्र आयसीयूत गेली. पुडीत डायसल्फिराम असावं, असं डॉक्टर म्हणाले.

औषध वाईट नाही. दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचा निचरा ते रोखतं, म्हणून पिणाऱ्याला असा त्रास होतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणूनच ते हृदय, यकृत तपासून, घेणाऱ्याला सगळं सांगूनच द्यायचं असतं. चोरून दिलं तर माणूस दगावू शकतो. मी वाचलो, पण घरचा चहा सोडला. दारू सुरूच राहिली!

पुढे व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगमध्ये स्पॉन्सर, म्हणजे दारू सोडताना साथ देणारे सोबती, मिळाले. रिक्षा चालवणारे, एकेकाळी माझ्याहून जास्त पिणारे काका. त्यांनी माझ्या तोंडाचा वास कधी घेतला नाही. शपथा घ्यायला लागलो की म्हणायचे, “उद्याचं राहू दे. जेवलास का?” भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, तलफ यातूनच डोकं वर काढते, हे त्यांना पक्कं ठाऊक. पगाराच्या दिवशी ते कंपनीच्या गेटवर रिक्षा लावायचे. उसने पैसे मात्र कधी दिले नाहीत, आणि साहेबांना फोन करून ‘आजारी आहे’ असं सांगायलाही साफ नकार दिला.

एकदा स्लिप झाली. आठवडाभर प्यायलो आणि मग एका सकाळी जाहीर केलं, आजपासून थेंब नाही. घरचे खूश. काकांनी सरळ रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; त्यानंतर भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. अशा वेळी ‘अंगात आलं’ म्हणून देवर्षाकडे नेणारी घरं मी पाहिली आहेत. औषध काय द्यायचं, यात काका मात्र एका शब्दाने पडले नाहीत.

1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब या दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ सुरू झाली. पिणाऱ्याला पिणाराच सांभाळतो, तिथपासून. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बरे झालेले रुग्ण कार्यकर्ते होतात. घरच्यांनो, कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर विचारा. आणि सोबती निवडताना त्याला एवढं विचाराच : तलफ आली की तुम्ही स्वतः कुणाला फोन करता? काकांनी दोन नावं लगेच सांगितली होती. ज्याला एकही सांगता येत नाही, त्याच्याकडे आपला माणूस सोपवू नका.