माळावरचे गणित

मूल शाळेत पाढे घडाघडा म्हणते. पण पळसाच्या सहा देठांवर पाने किती, असे विचारले की तोंडाकडे पाहत राहते. पळसाच्या एका देठाला पाने तीन. तीन सक अठरा. पाढा पाठ असतो, पण तो पानांवर बसवता येत नाही. अशी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. "मला गणित येत न्हाई" म्हणत त्यांतली काही शाळा सोडून गुरांमागे गेली.

अशा मुलाला माळावर फिरायला न्या. तुम्ही फार शिकलेले नसलात तरी चालेल. हिशेब तुम्हाला येतोच. बाजारात तुम्हाला कोणी फसवून दाखवावे!

घरातून निघताना मुलाने पावले मोजावीत. दर दहा पावलांना एक खडा खिशात टाकावा. दहा खडे झाले की ते टाकून द्यावेत आणि त्यांच्या जागी एक काडी ठेवावी. म्हणजे खडा दहाचा, काडी शंभराची. टेकडीवरच्या देवळापाशी खिसा रिकामा करावा. चार काड्या, तीन खडे आणि वर सहा सुटी पावले झाली, तर मातीत ४३६ लिहायचे. एकक, दशक, शतक म्हणतात ते हेच. पहिल्या खेपेला मूल कदाचित ४००३०६ लिहील. हसू नका. खडे पुन्हा मांडायला लावा.

मग तीच वाट तुम्ही मोजा. तुमची पावले ३०० च भरतील. "बाबा, वाट आखूड झाली व्हय?" असे पोर विचारील. उत्तर लगेच सांगू नका. तुमचे पाऊल आणि त्याचे पाऊल मातीत शेजारी उमटवा. त्याचे त्यालाच उमगेल. सगळ्यांचे माप एक हवे, म्हणून तर मीटर आला. आपल्या देशात १९५८ सालापासून मीटर आणि किलो हळूहळू चालू झाले.

मोठ्या मुलांना झाडाची उंची काढायला लावा. झाडावर चढायचे नाही. सपाट जागी एक मीटरची काठी सरळ उभी धरा. सकाळची लांब सावली आखडत येते. काठीची सावली बरोबर एक मीटर झाली, की त्याच घडीला झाडाची सावली बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मोजा. जेवढी सावली, तेवढे झाड. मोजण्याआधी प्रत्येकाने अंदाज सांगावा, बरोबर आलेल्या आजीनेसुद्धा. आजीचा अंदाज बहुतेक वेळा जवळ येतो.

ऊन तापण्याआधी परत फिरा. उतरताना पावले पुन्हा मोजू द्या. आकडा बहुधा वेगळा येईल. का, ते मुलालाच सांगू द्या.