व्यत्यय टाळणारी अँटेना

खानदेशच्या ग्रामीण जीवनात रेडिओने मोलाचे स्थान मिळविले आहे. १९७६ मध्ये जळगाव येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि हवामान, पीकसल्ला व बाजारभाव शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचू लागले. परंतु पावसाचा इशारा ऐन वेळी खरखरीत बुडाला, तर कापून ठेवलेले पीक भिजते. आवाज वाढवून उपयोग होत नाही. कारण त्याबरोबर खरखरही वाढते.

व्यत्यय कोठून येतो?

विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरमध्ये किंवा विजेच्या तारेच्या सैल जोडात ठिणग्या पडतात. त्यांतून निघणाऱ्या लहरी रेडिओत शिरतात. रात्री मध्यमलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे त्याच लहरीवरील दूरचे केंद्र मध्येच ऐकू येते.

अनुभवी श्रोता अशा वेळी ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवतो. त्याच्या आतील फेराइटच्या कांडीचे टोक ज्या दिशेला असते, त्या दिशेच्या लहरी ती फारच कमी ग्रहण करते. ते टोक व्यत्ययाकडे वळले, की खरखर ओसरते. कोणत्या दिशेचे ऐकायचे नाही, हे येथे हाताने ठरविले जाते.

स्वतः शिकणारी अँटेना

हेच काम अनुकूली अँटेना आपोआप करते. तीत एकाऐवजी अनेक अँटेना थोड्या थोड्या अंतरावर असतात. एखाद्या दिशेने आलेली लहर प्रत्येकीपर्यंत किंचित निराळ्या वेळी पोहोचते. प्रत्येकीचा संकेत किती प्रमाणात आणि किती मागेपुढे करून मिसळायचा, हे यंत्र ठरविते. नको असलेल्या लहरींचा चढ दुसरीकडील उताराशी जुळला, की दोन्ही एकमेकींना नाहीसे करतात. हवा असलेला संकेत मात्र टिकून राहतो.

बारे देणारा शेतकरी पाणी कोठे तुंबते, कोठे कमी पडते हे पाहत सरीची तोंडे कमीअधिक उघडतो. हे यंत्रही मिळालेला संकेत अपेक्षित संकेताशी ताडून पाहते आणि चूक कमी होईपर्यंत ही प्रमाणे बदलत राहते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील बर्नार्ड विड्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. रडारमध्ये रुजलेले हे तंत्र पुढे भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांपर्यंत पोहोचले. भारतात २०२२ मध्ये सुरू झालेल्या ५-जी सेवेत तर अनेक लहान अँटेनांच्या साहाय्याने लहरींचा झोत ग्राहकाकडे वळविण्यावर मोठा भर आहे.

मर्यादा आणि उपाय

या तंत्रालाही सीमा आहेत. अँटेनांच्या संख्येपेक्षा एकाने कमी, साधारणतः तितक्याच दिशांचे व्यत्यय दाबता येतात. हवा असलेला आणि नको असलेला संकेत एकाच दिशेने आले, तर केवळ दिशेच्या आधारे त्यांची फारकत करता येत नाही. पुणे जिल्ह्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारताना, मानवनिर्मित गोंगाट कमी असलेली जागा निवडणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले.

सर्वात स्वस्त उपाय व्यत्ययाच्या उगमापाशीच असतो. तारेचा सैल जोड वीज कर्मचाऱ्यांकडून वेळीच दुरुस्त करून घेतला, तर साध्या रेडिओलाही हवामानाचा इशारा स्पष्ट ऐकू येईल आणि शेतातील पीक वेळेवर झाकले जाईल.