जुन्या बुलेटला नवा फोर्क लावताना

उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली, बिडाच्या इंजिनाची बुलेट ज्याच्या दारात उभी आहे, त्याच्या मनात हा विचार एकदा तरी येतोच: इंजिन हेच राहू दे, आवाज हाच राहू दे, पण ब्रेक आणि शॉकअप तेवढे आजच्या गाडीचे पाहिजेत. ही हौस काही आजची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेलफास्टचा रेक्स मॅककँडलेस जुन्या फ्रेमना मागे चिमटा (स्विंगआर्म) आणि शॉकअप जोडून देत असे. त्याच डोक्यातून पुढे नॉर्टनची ‘फेदरबेड’ फ्रेम निघाली आणि १९५० साली जेफ ड्यूकने तिच्यावर बसून आइल ऑफ मॅनची सीनिअर टीटी शर्यत जिंकली. आपली मजल गगनबावड्याच्या घाटापर्यंत. पण नियम तेच लागू पडतात.

मी पेशाने ड्राफ्ट्समन. स्वतःची गाडी आणि मित्रमंडळींच्या गाड्या यांच्या निमित्ताने कोल्हापूरच्या उद्यमनगरात बरेच शनिवार गेले. त्यातून जे हाती लागलं, ते हे.

१. आधी आहे ते नीट करा.

नव्वद टक्के लोक ‘जुना फोर्क बेकार आहे’ म्हणतात, तेव्हा त्यांनी तो चांगल्या अवस्थेत कधी चालवलेलाच नसतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचलून हँडल डावीकडून उजवीकडे हळू फिरवा. मध्यावर ते खाच लागल्यासारखं अडलं, तर कोनसेट गेला. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. टक्-टक् लागलं, तर चिमट्याचे बुश गेले. फोर्कमधलं तेल काढा; बहुतेक वेळा चिखलासारखं काळं आणि ठरलेल्या मापाच्या निम्मं निघतं. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३२१८ म्हणजे २०१८ सालातला बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढ्या जुन्या रबराची पकड गेलेली असते.

हे सगळं नवं करायला डिस्कच्या सेटच्या मानाने फारच कमी पैसे लागतात. एवढं झाल्यावर महिनाभर गाडी चालवा. पुष्कळांची हौस इथेच फिटते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

२. दिसायला छान, म्हणून फोर्क निवडू नका. कागदावर ट्रेल काढा.

हँडलच्या दांड्याची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली, की ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ धावते ती याच्या जिवावर. ट्रेल ठरतो तीन गोष्टींवर: दांड्याचा कल, चाकाची त्रिज्या आणि ऑफसेट, म्हणजे दांड्याच्या रेघेपासून एक्सल जेवढा पुढे असतो ते अंतर.

आता हिशेब बघा. जुन्या बुलेटला पुढे ३.२५-१९चा टायर, त्रिज्या साधारण ३२६ मिलिमीटर. कल २७ अंश आणि ऑफसेट ५० मिलिमीटर धरला, तर ट्रेल ११० मिलिमीटरच्या आसपास येतो. त्या जागी आजच्या गाडीचं ११०/७०-१७ टायरचं चाक घातलं, की त्रिज्या २९३ वर येते. बाकी काही न बदलता ट्रेल ९३ वर उतरतो. शिवाय पुढची बाजू ३३ मिलिमीटर खाली बसते, कल दीडेक अंशाने उभा होतो आणि ट्रेल ८५ च्या घरात जातो. कागदावर हा फरक पंचवीस मिलिमीटरचा. रस्त्यावर तो सत्तरच्या वेगाला हँडलच्या थरथरीत दिसतो.

मग केटीएम ड्यूक ३९०चा तो जाड, उलटा, ४३ मिलिमीटरचा फोर्क बुलेटला बसत नाही का? बसतो. फक्त त्याची टी-प्लेटही, म्हणजे फोर्कचे पाइप दांड्याला धरून ठेवणारा जोड, सोबत घ्यावी लागते, कारण ऑफसेट तिच्यावर ठरतो. आजच्या उभ्या कलाच्या गाड्यांमध्ये ऑफसेट मुद्दाम कमी ठेवलेला असतो. वरच्याच हिशेबात ५० ऐवजी ३० मिलिमीटर घाला. ट्रेल पुन्हा १०७ वर येतो. जुन्या टी-प्लेटला भोकं मोठी करून नवे पाइप घालणारे लोक असतात. त्यांच्यापासून लांब राहा.

मागच्या शॉकअपलाही हाच कायदा. दोन सेंटिमीटर लांब शॉकअप घातले, की गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि पुढचा कल जवळजवळ एक अंशाने बदलतो. एक अंश म्हणजे सहा-सात मिलिमीटर ट्रेल. ‘गाडी जरा रुबाबदार दिसावी’ म्हणून लांब शॉकअप घालणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

३. दांडा (स्टेम) नवा करायचा. वेल्डिंग नाही.

नव्या टी-प्लेटचा दांडा जुन्या फ्रेमच्या गळ्यात लांबीला आणि जाडीला जुळत नाही. सोपा उपाय म्हणून लोक दांडा कापून, मधे तुकडा घालून वेल्डिंग मारतात. आमच्या टर्नरकडे एकाने असलंच काम आणलं होतं. मिस्त्रींनी तो दांडा व्ही-ब्लॉकवर ठेवला, डायल लावला आणि बोटाने फिरवला. काटा इकडून तिकडे असा झुलला की शेजारच्या मशिनवरचं पोरगंही बघायला आलं. मिस्त्री म्हणाले, “साहेब, बसतंय म्हणजे चालतंय असं नसतंय. हे घाटात तुटलं तर हातात फक्त हँडल ऱ्हाईल.”

बरोबर पद्धत अशी: जुना दांडा हायड्रॉलिक प्रेसवर टी-प्लेटमधून बाहेर ढकलायचा. ईएन २४ जातीच्या पोलादातून नवा दांडा फिरवायचा, आणि बेअरिंगच्या जागा वर्नियरने नव्हे, मायक्रोमीटरने मोजायच्या. सुट्या गोळ्यांच्या जुन्या कोनसेटच्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसवायचं: बाहेरचं माप फ्रेमच्या गळ्याचं, आतलं नव्या दांड्याचं. मोठ्या बेअरिंगच्या दुकानात मापं सांगितली की कॅटलॉगमधून जोडी निघते. नाही निघाली, तर दांड्याचंच माप बेअरिंगला जुळवून घ्यायचं. दांडा तर आपण नवा करतोच आहोत.

४. बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखाली पाळणा नाही.

हे लक्षात न घेता केलेली कामं मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत. पुढून एकच पाइप खाली येतो आणि इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यांवर संपतो. तिथून मागच्या फ्रेमपर्यंतचा दुवा म्हणजे खुद्द इंजिन. ड्रम ब्रेकच्या काळात हे निभावत होतं, कारण ब्रेक तेवढा जोर लावतच नव्हता. चांगली डिस्क लावल्यावर गळ्याच्या जोडावर आणि इंजिनाच्या बोल्टांवर जो ताण येतो, तो या फ्रेमने आधी कधी पाहिलेला नसतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी गळ्याभोवतीचा रंग तासून लोखंड उघडं करा. भेगा शोधायचा डाय-पेनिट्रंट स्प्रे औद्योगिक वस्तूंच्या दुकानात मिळतो. लाल स्प्रे मारायचा, थांबायचं, पुसायचा, मग पांढरा मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. इंजिनाचे सगळे बोल्ट आणि स्टड नवे घ्या. पट्ट्यांची भोकं लांबट झाली असतील तर पट्ट्याही नव्या. हे काम बाहेरून दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून कोणी त्यावर पैसे घालत नाही.

५. डिस्क म्हणजे नुसती तबकडी नव्हे.

कॅलिपर एका गाडीचा, मास्टर सिलिंडर दुसरीचा, असं केलं की लिव्हर तरी दगडासारखी घट्ट लागते किंवा थेट मुठीला येऊन टेकते. मास्टरचा पिस्टन कॅलिपरच्या मानाने मोठा असेल, तर लिव्हर घट्ट आणि ब्रेक कमजोर. लहान असेल, तर लिव्हर लांब जाते. म्हणून जोडी एकाच गाडीची घ्या. रबरी नळी मात्र नवीच.

माझ्या स्वतःच्या गाडीला मी याच घराण्यातल्या, पुढच्या काळातल्या डिस्कवाल्या बुलेटचा सबंध सेट लावला: टी-प्लेट, फोर्क, १९ इंची चाक, २८० मिलिमीटरची डिस्क. लेथचं काम फारच थोडं निघालं, ट्रेल जिथल्या तिथे राहिला आणि गाडी लांबून जुनीच दिसते. मला विचाराल तर शंभरातल्या नव्वद जणांना हाच मार्ग पुरेसा आहे. उलटा फोर्क हा उरलेल्या दहांचा छंद.

मागे डिस्क लावण्याच्या फंदात मी पडलो नाही. जुन्या बुलेटचा मागचा ड्रम आणि चेनचं चक्र एकत्र, डावीकडे. पायातला ब्रेकही डावीकडेच. आजच्या चाकात चक्र डावीकडे आणि डिस्क उजवीकडे असते. म्हणजे डाव्या पायाशी मास्टर सिलिंडर आणि नळी ओलांडून पलीकडे. हे करता येतं, पण ब्रेक मारताना वजन पुढे सरकतं आणि मागच्या चाकाकडे फारसं काम उरत नाही. चांगला लायनर घाला, विषय संपला. ड्रमच्या प्लेटचा अडकण-दांडा आणि त्याचे नट मात्र नीट तपासा. तो सुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागीच जाम होतं.

६. स्प्रिंग तुमच्या वजनाची हवी.

दुसऱ्या गाडीचा फोर्क त्या गाडीच्या वजनासाठी बनलेला असतो. फोर्कच्या पाइपला एक केबल टाय बांधा. पुढचं चाक अधांतरी असताना माप घ्या, मग रोजच्या कपड्यांत गाडीवर बसून पुन्हा घ्या. फोर्क एकूण प्रवासाच्या पाव ते तृतीयांश बसला, तर ठीक. जास्त बसला तर कडक स्प्रिंग किंवा वर स्पेसर. पहिल्या फेरीनंतर टाय कुठवर सरकला ते बघा. अगदी टोकाला गेला असेल, तर फोर्क खड्ड्यात तळाला लागतो आहे.

७. रुंद टायरचा मोह.

जुन्या बुलेटची रिम डब्ल्यूएम २, म्हणजे १.८५ इंच रुंद. तिच्यावर १२०चा टायर चढतो, पण कडा आत ओढल्या जाऊन टायर फुग्यासारखा गोल होतो आणि वळणावर पकड उलट कमी होते. वर चेन घासते ती वेगळीच. चाकं एका रेषेत आहेत का, हे सुतळी लावून बघा आणि मागच्या चाकाला ओळंबा सोडा. गवंड्याचं हत्यार आहे, पण चिमटा पिळला असेल तर ते लगेच सांगतं.

८. किरकोळ, पण अडवणारं.

नव्या रुंद फोर्कला हँडलचे स्टॉपर नसतील, तर पहिल्याच वळणात टाकीला पोचा येतो. क्लचची केबल आणि ब्रेकची नळी हँडल दोन्ही टोकांना नेऊन तपासा. १९ च्या जागी १७ इंची चाक आलं आणि काट्याची केबल त्याच चाकाला असेल, तर स्पीडोमीटर सुमारे अकरा टक्के जास्त दाखवतो.

९. कागदपत्रं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. तुमची बुलेट १९७५ च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, तर फ्रेमला ग्राइंडर लावण्याआधी नीट विचार करा. तिला मूळ रूपात ठेवण्यातच फायदा आहे.

बाकीच्यांनी आधी आरटीओत विचारून घ्यावं, विमा कंपनीला लेखी कळवावं आणि पोच सांभाळून ठेवावी. काढलेला जुना फोर्क, ड्रम, टी-प्लेट तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तुमच्यानंतर ही गाडी घेणारा माणूस पहिल्यांदा तेच मागेल.