‘संकीर्ण’च्या खात्यात

क्लासची प्रश्नपेढी लावून देणाऱ्याला शेवटी काय ऐकून घ्यावं लागतं ते मी ऐकून बसले आहे, म्हणून हे लिहितेय. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात गल्लोगल्ली क्लास, आणि प्रत्येकाच्या संगणकात गणिताच्या प्रश्नांचा ढिगारा. निवृत्त शिक्षक दिसला की ‘बाई, तेवढं जरा विषयवार लावून द्या ना’ हे ठरलेलंच.

मला जी फाइल मिळाली तिच्यात प्रत्येक प्रश्नापुढे टॅगचा रकाना होता. त्यात ‘महत्त्वाचा’, ‘हमखास’, ‘दिवाळी बॅच’, ‘अवघड’. अवघड कोणाला? ‘त्रिकोणमिती’, ‘त्रिकोणमिति’ आणि ‘ट्रिगो’ हे तीन वेगळे टॅग. एक शोधला की बाकीच्या दोहोंतले प्रश्न गायब. आणि ज्याचं काय करावं हे कळलं नाही तो प्रश्न ‘संकीर्ण’मध्ये. सगळ्यात फुगलेलं खातं तेच.

शि. रा. रंगनाथन ग्रंथपाल होण्याआधी मद्रासला गणित शिकवत होते. 1933 साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. त्याचं मर्म असं, की पुस्तक एकाच खणात कोंबायचं नाही, त्याचे निरनिराळे पैलू वेगवेगळे नोंदवायचे. मी तेच केलं. घटक एका रकान्यात, इयत्ता दुसऱ्यात, कुठल्या परीक्षेचा ते तिसऱ्यात, आणि चौथ्यात प्रश्न सोडवायची युक्ती. हा चौथा रकाना फक्त शिकवणाऱ्यांसाठी, मुलांच्या कागदावर छापायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लेखी द्यायला हवं होतं असं आता लोक सांगतात. चांगलं तोंडी सांगितलेलं मोठ्या माणसाला कळू नये?

क्लासच्या चालकांनी तो छापला. प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर, ठळक अक्षरांत. का, तर पालकांना ‘किती कव्हर झालं’ ते दिसतं!

ऑलिम्पियाडवाल्या पोरांना एक प्रश्न होता: 1 ते 100 मधल्या कुठल्याही 51 संख्या उचलल्या, तर त्यांतली एखादी दुसरीला नि:शेष भागतेच, हे सिद्ध करा. दिसायला हा विभाज्यतेचा प्रश्न. खरी किल्ली अशी, की प्रत्येक संख्येतले 2 काढत गेलं की खाली विषम संख्या उरते. 100 पर्यंत विषम संख्या 50च. म्हणजे 51 पैकी दोघींची विषम संख्या एकच निघणार, आणि मग लहान संख्या मोठीला भागणार. या प्रश्नाच्या डोक्यावर ‘कबुतरखान्याचे तत्त्व’ असं छापल्यावर राहिलं काय? सगळ्यांनी सोडवला. चालक खूश.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः फळ्यावर त्याचाच सोपा भाऊ लिहिला: त्याच 51 संख्यांत दोन लागोपाठच्या असतातच, हे दाखवा. वर काही लिहिलं नाही. वर्ग गप्प. मग पहिल्या बाकावरच्या, एरवी सगळ्यात चलाख असलेल्या मुलानं विचारलं, ‘बाई, हा कुठल्या टॅगमधला?’

मला तिथेच सगळं उमगलं. त्यांनी प्रश्न वाचायचंच सोडलं होतं, ते डोक्यावरची पट्टी वाचत होते. आठवीच्या शिष्यवृत्तीवाल्यांचंही तेच. त्या परीक्षेत पट्टी नसते, आणि संख्यामालिका गणितात येते तशी बुद्धिमत्ता चाचणीतही येते. सराव परीक्षेत गुण घसरले तेव्हा पालकसभेत चालक काय म्हणाले? ‘बाईंचं टॅगिंग जरा चुकलं.’ मी मागच्या खुर्चीवर होते. माझ्याकडे न बघता म्हणाले.

तर, हे काम घेणार असाल तर ऐका. ‘संकीर्ण’ ठेवूच नका. जो प्रश्न कुठेच बसत नाही तो रिकामा राहू द्या, टोचत राहतो आणि कधीतरी जागेवर जातो. प्रत्येक टॅगखाली एक ओळ लिहा, काय आत आणि काय बाहेर: ‘किती प्रकारे’ विचारलं तर गणना, ‘शक्यता किती’ विचारलं तर संभाव्यता. दहावीचा शिडीचा प्रश्न पायथागोरसनं सुरू होतो आणि वर्गसमीकरणात अडकतो. पहिला भाग-2 मधला, दुसरं भाग-1 मधलं. तिथे भांडत बसू नका. संशोधनलेखांसाठी जगभर वापरतात त्या गणितविषय वर्गीकरणात दोन आकडी मोठे विभागच 63 आहेत, तरी नियम साधा: मुख्य विषय एक, दुय्यम लागतील तेवढे. मग थोडे प्रश्न दोन शिक्षकांना वेगवेगळे बसवून टॅग करायला द्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे टॅगची ती ओळच कच्ची आहे. टॅगांची यादी एकाच माणसाच्या हाती असू द्या. ज्याला त्याला नवा टॅग काढता आला की पुन्हा ‘ट्रिगो’ उगवतो. बाकी फाइलची प्रत ठेवा, पैशाचं आधी बोला, संयम ठेवा वगैरे.

चौथा रकाना आता त्यांच्या फाइलमध्ये नाही. ‘यानंच घोळ झाला’ म्हणून त्यांनीच पुसला. परवा तिथल्या नव्या सरांचा फोन आला, बाई, तो युक्त्यांचा रकाना तुमच्याकडे असेल ना? आहे. चालकांनी स्वतः मागावा, म्हटलं.