खोडवा मोडलेले रान मोकळे ठेवा, मोकाट ठेवू नका



खोडवा तुटून गेला की आडसालीच्या लागणीपर्यंत चार-पाच महिने रान रिकामे राहते. "आता पीकच नाही, तर खर्च कशाला?" असे पुष्कळ सभासद आम्हाला विचारतात. आमचे उत्तर असे की, उसातील भांगलणीचा खर्च याच दिवसांत ठरतो. लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने तणाने ऊस दाबला की फुटवा कमी राहतो, आणि तेव्हा उसाच्या बुडातून हराळी उपटता येत नाही. रिकाम्या रानात ती बैलाला किंवा ट्रॅक्टरला सापडते.

१) नांगरट : पाचट पेटवू नये. कुट्टी करून मातीत मिसळावे. खोडवा निघताच खोल नांगरट करून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. हुमणीच्या अळ्याही उघड्या पडतात, पाखरे त्या वेचतात.

२) हराळी : हिच्या काशीच्या प्रत्येक पेराला नवीन झाड फुटते. म्हणून हराळीच्या रानात नांगरटीआधी रोटाव्हेटर घालू नये. एका काशीचे दहा तुकडे होतात व सगळे रान हराळीचे होते. नांगरट वाळल्यावर कुळवाने काशा वर ओढाव्यात, वेचून बांधाबाहेर वाळवाव्यात. या काळात रानाला पाणी देऊ नये.

३) लव्हाळा : वरचा पाला कापून हा मरत नाही, जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात. वळवाच्या पावसाने कोंब वर आले की कुळवाची पाळी द्यावी. पुन्हा आले, पुन्हा पाळी. एका पाळीत काम होईल, ही आशा धरू नये.

४) गाजरगवत : १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आज प्रत्येक बांधावर आहे. एका झाडाला हजारोंनी बी येते. फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे वापरावेत, कारण याने अंगाला खाज सुटते व काहींना दम्याचा त्रास होतो. फुले आलेले गवत उकिरड्यात टाकू नये. तेच बी शेणखताबरोबर रानात परत येते. बांधाकडेला पावसाळ्याच्या तोंडाला टाकळ्याचे बी टाकल्यास गाजरगवत दबते.

५) ताग : विहिरीला पाणी असेल तर मेअखेर, नाहीतर मृगाच्या पावसावर एकरी २० ते २५ किलो ताग पेरावा. दाट ताग तणाला ऊन लागू देत नाही. ४५ ते ५० दिवसांत, फुलावर येताच गाडावा. तण दबते आणि खतही होते.

तणनाशकाबद्दल एकच सांगणे. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून निर्बंध घातले. शेजाऱ्याने मारले म्हणून आपण मारू नये. आधी गट कार्यालयात विचारावे.

शेवटी, ज्यांची जमीन वाटणीत अडकली आहे किंवा मालक परगावी आहेत, त्यांनी निदान बांध आणि पाट तरी साफ ठेवावेत. तणाच्या बियाला सातबारा कळत नाही. पाटाच्या पाण्याबरोबर ते शेजाऱ्याच्या सरीत जाते आणि त्याची भांगलण वाढते. यंदा लागणीची नोंद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या रानाला व चारही बांधांना एक फेरी मारावी.

— ऊस विकास अधिकारी