मावळ्यांना रंग कोणता द्यावा?

प्रश्न : दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारातून आणलेले मावळे सगळे एकाच साच्यातले असतात. भगवा फेटा, निळा नाहीतर गुलाबी अंगरखा आणि वर चकाकी. यंदा मुलगी मातीचे कोरे मावळे स्वतः रंगवणार आहे. शिवकाळातले ‘खरे’ रंग कोणते?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : मुलीला सांगा, सगळ्यात जास्त लागेल तो पांढरा. तोही डबीतला शुभ्र नव्हे. त्यात थोडी पिवळी माती आणि चिमूटभर तपकिरी मिसळा. शिवाजी महाराजांच्या पायदळाला सरसकट गणवेश नव्हता. साधा शिपाई जाड्याभरड्या, बिनरंगी सुती कापडात लढे. रंगाला पैसे पडत. राजारामांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत महाराजांजवळच्या निवडक लोकांना मंदील (जरीचे फेटे) आणि सकलादीच्या आंग्या दिल्याचं वर्णन आहे. सकलाद म्हणजे परदेशी लोकरी कापड. तेव्हा पोशाखाचा थाट दोन-चार मावळ्यांनाच द्या, तेही महाराजांच्या शेजारी उभे राहणाऱ्यांना.

बाकीच्यांच्या पागोट्यांना रंग देता येतील. निळीचा निळा, आल या झाडाच्या मुळाचा विटकरी लाल, लोखंड-हिरड्याचा काळा, हळदीचा आणि पळसफुलांचा पिवळा. कुसुंबी तर तुमच्या रानातलीच. करडईच्या पाकळ्या आधी पाण्यात धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, मग उरलेल्या चोथ्याला खार लावून लाल उतरवायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा. पहिल्या दिवशी हा रंग डोळ्यांत भरतो, पण उन्हात आणि धुण्यात विटत जातो. हळदीचंही तेच, वसमतची झाली तरी ऊन तिला सोडत नाही. म्हणून एकाच डबीतून तीन फेटे रंगवा : एक भडक, एक फिका, एक जवळजवळ गेलेला. हिरवा लागलाच तर निळीवर पिवळा चढवल्यासारखा, दबका. चकचकीत जांभळा आणि पोपटी मात्र बाजूला ठेवा. कारखान्यातले रासायनिक रंग 1856 नंतरचे.

वहाणा बाभळीच्या सालीनं कमावलेल्या चामड्याच्या, म्हणून तांबूस तपकिरी. ढाल काळी. पोस्टर कलर वापरा, ते आपसूक मॅट बसतात. वर वॉर्निश नको. शेवटी पाण्यात विरघळवलेल्या तपकिरीचा हात अंगरख्याच्या चुण्यांवरून फिरवा आणि लगेच फडक्यानं टिपा. मळ चुणीत राहतो, मावळा दहा कोस चालून आल्यासारखा दिसतो.

   

आणि मुलीला खरोखरचा गणवेश रंगवायचा असेल तर हिंगोलीतच विषय आहे. 1903 पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती; रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं तिथूनच आली. त्या फौजेतल्या घोडदळाचा पोशाख गडद हिरवा असे. पुढच्या वर्षी किल्ल्याऐवजी छावणी करून पाहा.

भगव्याची डबी वाया जाणार नाही. ती बुरुजावरच्या झेंड्यासाठी ठेवा.