पत्रा भारी, खिळा हलका? हार्डवेअर दुकान टाकणाऱ्यांसाठी धडा



कुरुंदवाडसारख्या गावात हार्डवेअरचं दुकान टाकायचं म्हटलं की सगळं लक्ष पत्रा आणि सिमेंटकडे जातं. खिळ्यांचं पोतं कोपऱ्यात पडून राहतं. पण पत्र्याचं छप्पर गळतं ते बऱ्याचदा खिळ्याच्या भोकातूनच. आणि गळालं की गिऱ्हाईक खिळ्याला नाही, दुकानदाराला नावं ठेवतं. म्हणून माल काढण्याआधी दोन प्रश्न विचारा : छप्पर कशाचं आहे? आणि खाली लाकूड आहे की लोखंड?

१. लाकडावर पन्हाळी पत्रा : रुंद टोपीचा छत्री खिळा द्या. शक्यतो पिळाचा. वळवाच्या वाऱ्यात पत्रा हलतो आणि गुळगुळीत खिळा हळूहळू वर येतो. टोपीखाली रबरी वायसर हवाच. खिळा पन्हाळीच्या उंचवट्यावर ठोकायचा, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं.

२. लोखंडी अँगल किंवा पाइप : इथं खिळ्याचं काम नाही. रबरी वायसरचा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू द्या. जास्त आवळला तर रबर चेपून फाटतं, हेही सांगा.

३. सिमेंटचा पत्रा : ठोकला की तडा जातो. भोक पाडून जे हुक बसवायचा, वर डांबरी वायसर.

४. कौलारू घर : कौल रिपेवर टेकतं. खिळा लागतो तो रीप वाशावर बसवायला. लाकूड जुनं सागवान असेल तर आधी बारीक भोक पाडायला सांगा, नाहीतर खिळा वाकतो.

आता धातू बघा. साधा काळा लोखंडी खिळा पावसात गंजतो, भोक मोठं होतं आणि पाणी आत येतं. जस्त चढवलेला खिळा टिकतो. पण सगळं जस्त सारखं नसतं. चकचकीत प्लेटिंगचा थर पातळ असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला खिळा दिसायला खडबडीत, पण थर कितीतरी जाड. चमक बघून खरेदी करू नका. आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला तांब्याचा खिळा कधीच देऊ नका; ओल लागली की भोवतालचं जस्त झपाट्यानं झिजतं.

हिशेब मांडू. समजा १० पत्रे, प्रत्येकी १२ स्क्रू, म्हणजे १२० नग. चांगला स्क्रू नगामागं २ रुपयांनी महाग धरला तर फरक फक्त २४० रुपये. आता एका पत्र्याची किंमत आणि मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी याच्याशेजारी लिहा. हा कागद गिऱ्हाइकापुढं ठेवा. तो स्वतःच निर्णय घेईल.

शेवटचं, आपल्या गावासाठी खास. कृष्णा-पंचगंगेच्या काठचं गाव आपलं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. खिळ्यांची पोती जमिनीवर ठेवू नका. जस्ताचा मालसुद्धा ओला, दाटीत राहिला तर त्यावर पांढरी भुकटी धरते. वरच्या फळीवर ठेवा आणि सगळं भांडवल एकदम अडकवू नका. एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याच्या आधी माल भरा.

गृहपाठ : या आठवड्यात गावातली पाच छपरं बघा. खाली लाकूड की लोखंड, काय ठोकलंय आणि कुठं गंजलंय, हे वहीत लिहा. तुमच्या पहिल्या खरेदीची यादी त्यातूनच निघेल.